साळुंकीचा दुसरा डोळा

आमच्या लॅबमध्ये कागद फार साठायचा. पक्ष्याच्या मेंदूची रेघ काढणारं मशीन एकदा सुरू केलं की त्याला दम नसे. दिवसाकाठी पोतंभर कागद जमिनीवर घड्या घालत पडायचा. कामाचा तेवढा आम्ही ठेवून घ्यायचो, उरलेला रद्दीवाला न्यायचा. किस्सेही त्याच वेगाने साठत गेले, पण ते न्यायला कोणी आलं नाही. आता हळदीकुंकवाला गेलं की मैत्रिणी म्हणतात, "ते पक्ष्यांचं सांग ना गं!" मी सुरुवात करते आणि ऐन रंगात आलं की माझी केतकी कोणाच्या तरी वाटीतले हरभरे सांडते. म्हणून एकदाचं लिहूनच काढते. हे लिहिण्याइतकं महत्त्वाचं आहे का, अशी शंका मला आत्ताच आली आहे. पण ती मला किराणा मालाची यादी लिहितानाही येते.

काम काय होतं ते आधी सांगते. जळगावच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्र विभागाच्या मागच्या दोन खोल्यांत, आमचे बऱ्हाटे सर साळुंक्यांची झोप मोजत. गाणारे पक्षी जागेपणी काय करतात ते सगळ्यांना ऐकू येतं. झोपेत त्यांचा मेंदू काय करतो, हे सरांना हवं होतं. माणसं आम्ही तीन. सर, मी आणि शिपाई सुपडूभाऊ. मी एम.एस्सी., टेम्पररी सहायक, घरी सात महिन्यांची मुलगी.

योजना तीन वर्षांची, त्यातलं शेवटचं वर्ष चालू. मार्चअखेर समिती येणार होती. तिला एकच गोष्ट दाखवायची होती : साळुंकीची सलग पाच तासांची पुरी झोप, मेंदूच्या दोन्ही बाजूंची. ती मिळाली तर योजना पुढे आणि माझी नोकरीही पुढे. नाही मिळाली, तर आमच्या ह्यांची बदली धुळ्याला झालेली होतीच. केतकीला कडेवर घ्यायचं, धुळ्याची एस.टी. पकडायची आणि जन्मभर 'पूर्वी मी संशोधन करायची' असं सांगत बसायचं, हे घरात ठरलं होतं. कोणी रागावून ठरवलं नव्हतं, अगदी चहा पिता पिता ठरलं. त्यामुळे तर जास्तच भीती वाटायची.

सलग पाच तास! त्या वर्षी एवढी झोप आमच्या घरातही कोणी घेत नव्हतं.

*

पक्षी रात्री झोपतात. माणसंही रात्रीच झोपतात. मग मोजायचं कोणी? सरांनी यावर तोडगा काढला होता. पक्ष्यांचा दिवसच उलटा करून टाकला! संध्याकाळी सहाला आतल्या खोलीत ट्यूबलाइट लागायच्या, ती साळुंक्यांची सकाळ. आपल्या सकाळी आठला टायमर लाइट बंद करायचा, ती त्यांची रात्र. खिडक्यांना काळा कागद आणि निरीक्षकासाठी एक लाल झिरोचा बल्ब. म्हणजे ऑफिसच्या वेळेत आरामात त्यांची झोप मोजायची.

सुपडूभाऊ मूळचे पहूरचे. विभागात नवीन आले तेव्हा सरांनी त्यांना हे सगळं समजावून सांगितलं. भाऊंनी हात मागे बांधून, शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, बठ्ठं गाव जागं शे, आनि तुम्ही पाखरेस्ले झोपाडी र्‍हायनात?"

"हो."

"मंग रातले?"

"रात्री त्यांना उठवतो."

भाऊंनी काळ्या कागदाकडे, कुलपाकडे, लाल दिव्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "त्यास्ना गुन्हा काय शे?"

*

माझी अडचण मात्र वेगळी होती. साळुंकी झोपायची, पण निम्मी!

हे मी गमतीने म्हणत नाही. पक्ष्यांना ते जमतं. एक डोळा मिटायचा, मेंदूची एक बाजू झोपवायची. दुसरा डोळा उघडा, दुसरी बाजू पहाऱ्यावर. आमच्या मशीनला दोन पेनं होती, दोन बाजूंची दोन. एक पेन मोठ्या संथ लाटा काढायचं, ती झोप. दुसरं बारीक बारीक थरथरत राहायचं, ती जाग. खोलीत मध्ये प्लायवूडचं पार्टिशन होतं. त्याच्या अलीकडे मशीन आणि मी, पलीकडे पिंजरा. पार्टिशनला डोळ्याएवढी काच बसवलेली. तिला डोळा लावून दर मिनिटाला मी तक्त्यात लिहायची, 'एक उघडा', 'एक उघडा', 'एक उघडा'. पानंच्या पानं.

एकदा प्राचार्य पाहणीला आले. सरांनी त्यांना काचेपाशी उभं केलं आणि मोठ्या अभिमानाने कुजबुजले, "पाहा सर, हा पक्षी एक डोळा उघडा ठेवून निम्मा झोपू शकतो!"

प्राचार्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "बऱ्हाटे, तुम्ही दुपारी स्टाफरूममध्ये या. दोन्ही डोळे उघडे ठेवून पूर्ण झोपणारे दाखवतो."

*

आतल्या खोलीत आवाज चालत नसे. चपला बाहेर, बांगड्या बाहेर, खोकला बाहेर. मी हातात फक्त घड्याळ ठेवून दिवसभर चवड्यांवर चालायची आणि कुजबुजत बोलायची. सवय अशी लागली की घरीही तेच. माझ्या सासूबाई, त्यांना सगळे अक्काच म्हणतात, केतकीला सांभाळायला धुळ्याहून आल्या होत्या. चार दिवस त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. पाचव्या दिवशी, सुट्टीला धुळ्याहून आलेल्या ह्यांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुनी बायको घरमा चोरना मायक काबर चालस रे?"

पण सरांची गोष्ट यापुढची. एका रविवारी सर भरताची वांगी घ्यायला बाजारात गेले. हिरवी, मोठी, ती आपल्याकडचीच हवीत. सवयीप्रमाणे वांगेवालीपुढे वाकून कुजबुजले, "भरताची आहेत का?"

तिने आधी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग तीही कुजबुजली, "हाव, शेत ना. किती देऊ?"

"दोन किलो."

शेजारचा मेथीवाला उठून जवळ आला. एक गिऱ्हाईक थांबलं, मग दुसरं. पाच मिनिटांत वीसेक माणसं वांग्याच्या टोपलीभोवती वाकून, दबक्या आवाजात वांगी मागायला लागली! टोपली रिकामी झाली. सर पिशवी घेऊन निघाले तेव्हा एकाने त्यांना गाठलं आणि कानात विचारलं, "साहेब, वांगी तं घेतली. पन भानगड काय आहे?"

*

साळुंकीला गाणारा पक्षी म्हणतात, हे कोणाला पटत नसे. आम्ही परवान्याचा कागद घेऊन यावलला एका केळीच्या बागेत साळुंक्या धरायला गेलो होतो. बागेचे मालक, नाना, बांधावर बसून आमची जाळी बघत होते. सरांनी त्यांना समजावलं, "नाना, शास्त्राप्रमाणे ही गाणाऱ्या पक्ष्यांत येते."

नाना म्हणाले, "तुमच्या शास्त्रात गात असन. आमच्या बागेत तं दिवसभर भांडते."

सरांचा असा कयास होता की पक्षी दिवसभर जे गातो, ते झोपेत मनातल्या मनात पुन्हा घोकत असावा. निदान स्वतःचा आवाज झोपेतही ओळखत असावा. मग प्रयोग ठरला. साळुंकीचा आवाज टेपरेकॉर्डरवर घ्यायचा, ती झोपली की हळूच ऐकवायचा आणि पेनं हलतात का ते पाहायचं. त्यासाठी सरांनी घरातल्या एका बारशाची जुनी कॅसेट आणली आणि तिच्यावरच आवाज भरला.

साळुंकी झोपली. म्हणजे निम्मी. सर मशीनपाशी खुर्चीत बसले, मी काचेपाशी. सुपडूभाऊंनी टेपचं बटन दाबलं. थोडी खरखर, साळुंकीची किलबिल, मग पुन्हा खरखर. आणि किलबिल संपली तिथून जुनं काहीतरी सुरू झालं. बारशाच्या वेळी घरात कोणीतरी टेप चालूच ठेवला होता आणि त्यात सरांच्या मिसेस स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? दूध आणायचं राहिलं!"

मी मशीनकडे पाहिलं. साळुंकीची रेघ जशीच्या तशी.

सर मात्र खुर्चीतून उठून दारापर्यंत पोहोचले होते.

*

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. एस.टी.ची होते, शिवणयंत्राची होते, मग सव्वीस बटनांच्या, परदेशातून आलेल्या मशीनने काय पाप केलंय? सुपडूभाऊंनी सुट्टीच्या दिवशी येऊन ते पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. पाणी मशीनवर उडू दिलं नाही, हे त्यांनी आवर्जून सांगितलं.

दसऱ्यानंतर पहिलंच रेकॉर्डिंग. आणि कागदावर असं काही उमटायला लागलं की सर त्याच्यावर ओणवेच झाले. दर चाळीस सेकंदांनी दोन्ही पेनं एकदम उंच उडी मारत आणि पुन्हा खाली येत. अगदी घड्याळासारखं! जागेपणात असं दिसत नाही, झोपेत दिसत नाही, कुठल्या पुस्तकात नाही. एका पक्ष्यात दिसलं, दुसऱ्यातही दिसलं. सरांना तीन दिवस घरी जेवण गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी दोन पानांचं टिपण लिहून आणलं : साळुंकीच्या झोपेतील एक अज्ञात अवस्था. मला म्हणाले, "टाईप करून आणा. आणि कुठे बोलू नका."

मी कुठे बोलणार! मी तर घाबरून गेले होते. एवढा मोठा शोध आपल्या डोळ्यांदेखत लागतो आणि आपल्याला काहीच कसं वाटत नाही, आपण मुळातच मठ्ठ आहोत का, याच काळजीत मी होते.

सुपडूभाऊ कागदाचा रोल बदलायला आले. त्यांनी रोलखालच्या दांड्याला नखाने काहीतरी खरवडलं आणि हात पुढे केला. तळहातावर वाळलेली, चपटी झालेली केशरी पाकळी. दांडा फिरे, पाकळी वर येई, पेनं उडत.

सरांनी पाकळीकडे पाहिलं, मग टिपणाकडे.

"हाऊ ते झेंडू शे, सर," भाऊ समजुतीच्या सुरात म्हणाले.

*

आता माझीच फजिती सांगते. नाहीतर लोक म्हणतील, बाई दुसऱ्यांच्याच सांगते.

केतकी घरी झोपत नसे. म्हणजे झोपायची, उठायची, झोपायची, उठायची. अक्का म्हणायच्या, "लहान लेकरू शे, उठनारच." पण मी शास्त्र शिकलेली! मला आकडे हवे होते. मी लॅबमधले चार कोरे तक्ते घरी आणले आणि पाळण्याशेजारी बसून केतकीची झोप लिहायला लागले. 'डोळे : दोन्ही मिटलेले. दोन्ही मिटलेले. उघडे. रडणे. दूध. दोन्ही मिटलेले.' मध्ये मध्ये तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना, तेही पाहायचं आणि समोर बरोबरची खूण करायची. बोट धरलं की बहुधा ती जागी व्हायची. तेही प्रामाणिकपणे लिहायची.

अक्का चौथी शिकलेल्या, पण त्यांचं बोलणं नेमकं. एकदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घरनी पोर जागी र्‍हास, आनि तू पाखरूले निजाडाले जास! आनि घरी येसनी पोरले उठाडस!"

एक दिवस गडबडीत घरचे तक्ते लॅबच्या फाइलला लागले. मला पत्ताच नाही. सरांनी आठवड्याची फाइल तपासायला घरी नेली आणि सोमवारी परत दिली. मी ती तशीच पिशवीत टाकून घरी आणली आणि भाकरी टाकायला गेले. अक्का चष्मा लावून पानं उलटत बसल्या.

केतकीच्या तक्त्यांवर सरांनी लाल पेनने शेरा मारला होता. 'दूध' या शब्दाखाली प्रश्नचिन्ह. 'श्वास तपासणे' याखाली : निरीक्षकामुळे पक्षी जागा होतो आहे, लांब राहावे. आणि शेवटी, पूर्ण वाक्यात : 'निरीक्षणे काळजीपूर्वक आहेत, मात्र एकाच पिलावरून निष्कर्ष काढता येणार नाही. किमान आणखी एक हवे.'

अक्कांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून मिटून ठेवला. आणि स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाल्या, "सर बराबर सांगतस!"

*

हिवाळा गेला. समिती पंधरा दिवसांवर आली आणि आमच्याकडे सर्वांत चांगलं रेकॉर्ड होतं एक तास दहा मिनिटांचं. त्यातही एक बाजू मधूनच डुचमळलेली. त्यात उन्हाळा लागला आणि दुपारी लाइट जायला लागली. लाइट गेली की मशीन बंद, कूलर बंद, आणि मग दोन्ही डोळे उघडे.

सर वीज कचेरीत गेले. तिथल्या साहेबांना म्हणाले, "दुपारी आठ दिवस आमची लाइन बंद करू नका. साळुंकी झोपलेली असते."

साहेबांनी हातातली फाइल खाली ठेवली. "बसा," म्हणाले. "वीस वर्षं नोकरी करतोय. लाइटसाठी येणारा प्रत्येक माणूस घरात पेशंट आहे म्हणून सांगतो. घरं कमी आणि पेशंट जास्त झालेत." त्यांनी पाणी मागवलं. "अर्ज लिहा. कारण मात्र हेच लिहायचं. खोटं काही लिहू नका."

आठ दिवस लाइट गेली नाही!

*

आणि आता शेवटी ती दुपार.

समिती चार दिवसांवर. अक्का भाचीच्या लग्नाला पारोळ्याला गेलेल्या. ह्यांना धुळ्याहून सुट्टी नाही. शेजारच्या काकूंना ताप. केतकीला सव्वा वर्ष होत आलं होतं, दाढा येत होत्या, आणि त्या आठवड्यात आम्ही दोघींनी मिळून किती झोप काढली हे मी तक्त्यावरही लिहिलं नव्हतं. आतल्या खोलीत लहान मूल न्यायचं नाही, हा सरांचा नियम. पण सर आठ ते बारा पहारा देऊन, माझ्याकडे काम सोपवून, समितीच्या राहण्याची सोय बघायला गेले होते. मी केतकीला कडेवर घेऊन व्हरांड्यात उभी. आत जावं तर नियम मोडतो. न जावं तर दुपार जाते. अशा उरलेल्या दुपारी होत्या चार.

सुपडूभाऊ म्हणाले, "म्याडम, आतमाच मांडीवर निजाडा तिले. मी भायेर बठस. कोनले येऊ देत नही."

"रडली तर?"

"रडनी ते रडनी. पाखरूबी समजी लेई."

आत गेले. केतकीने अंधार पाहिला, लाल दिवा पाहिला, कूलरची घरघर ऐकली आणि काय वाटलं कोण जाणे, माझ्या खांद्यावर डोकं टाकलं. मी उभ्यानेच काचेला डोळा लावला. 'एक उघडा.' केतकीच्या नाकाशी बोट. काचेला डोळा. 'एक उघडा.' नाकाशी बोट. बारा चाळीसपर्यंत हे चाललं. शेवटी हात भरून आला, म्हणून दोन मिनिटं, अगदी दोनच मिनिटं, मशीनच्या पायाला पाठ टेकून खाली बसले.

मग ट्यूबलाइट लागल्या.

मला आधी वाटलं, टायमर बिघडला. घड्याळात सहा वाजले होते. पार्टिशनपलीकडे साळुंकी घसा साफ करत होती, तिची सकाळ झाली होती. केतकी माझ्या मांडीवर उठून बसली, लाल गाल, गालावर माझ्या पदराची नक्षी. आमच्या दोघींच्या पायांवर आणि आजूबाजूला पाच तासांचा कागद घड्या घालून पडला होता. तक्ता पाहिला. बारा चाळीसला शेवटचं 'एक उघडा'. त्याखाली तीनशेच्या वर रकाने कोरे.

मी रडले. लिहायला लाज वाटते, पण रडले. शेवटच्या चार दुपारींतली एक मी झोपून घालवली होती.

सर आले. त्यांनी केतकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कागदाचं टोक उचलून व्हरांड्यात नेलं आणि गुडघ्यांवर बसून तो पसरत गेले. सुपडूभाऊ पुढे पुढे दगड ठेवत होते. दहा फूट, वीस फूट, व्हरांडा संपला की पुन्हा उलटे. सर रांगत चालले होते. कागद संपला तिथे ते थांबले आणि लॅबच्या इतिहासात पहिल्यांदा मोठ्याने ओरडले, "दोन्ही! दोन्ही बाजू!"

मोठ्या, संथ लाटा. वरच्या पेनाच्या आणि खालच्याही. बारा पन्नासपासून, म्हणजे माझा डोळा काचेवरून हटल्यावर दहाच मिनिटांनी, तिथून सहापर्यंत सलग.

मग त्यांनी तक्ता मागितला. मी दिला. सर कोऱ्या रकान्यांवरून पेन फिरवत खालपर्यंत गेले. 'भरून टाका' असं ते म्हणाले नाहीत. 'भरू नका' असंही म्हणाले नाहीत. पेन माझ्यापुढे ठेवलं आणि चहाला निघून गेले.

मी पेन उचललं. 'दोन्ही मिटलेले' एवढंच तर लिहायचं होतं, तीनशे वेळा. रेघ तेच सांगत होती. खोटंही ठरलं नसतं. पण मी पाहिलं नव्हतं. साळुंकीचे डोळे मिटलेले होते हे पाहायला मी जागी कुठे होते? धुळ्याची एस.टी. मला डोळ्यांसमोर दिसत होती, खिडकीच्या सीटसकट. पेनाला टोपण लावलं आणि तक्ता तसाच फाइलला लावून टाकला.

समिती आली. दोन पुरुष आणि अध्यक्षा एक बाई, पिकलेले केस, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. पुरुषांनी मशीनची बटनं मोजली. बाईंनी आधी कागद पाहिला, पूर्ण पाहिला, सुपडूभाऊंना टोक धरायला लावून. मग तक्ता. बोट फिरवत बारा चाळीसवर थांबल्या.

"इथून पुढे काहीच नाही."

"हो, मॅडम."

"निरीक्षक कुठे होता?"

सरांनी घसा खाकरला. पण विचारलं मला होतं.

"तिथेच होता, मॅडम. झोपला होता."

सरांनी डोळे मिटून घेतले. दोन्ही. बाईंनी चष्मा नाकावर खाली ओढून माझ्याकडे नीट पाहिलं.

"मूल केवढं आहे?"

"सव्वा वर्षाचं."

बाईंनी मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं आणि दुसऱ्या फाइलकडे वळल्या. चहा घेतला नाही. त्यांना भुसावळहून गाडी होती.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. सरांनी ते व्हरांड्यातच फोडलं आणि उभ्या उभ्या वाचून दाखवलं. योजनेला दोन वर्षांची मुदतवाढ. सहायकाची जागा कायम ठेवावी. आणि खाली अध्यक्षांच्या अक्षरात एक ओळ : 'निरीक्षणाची पद्धत परिणामकारक आहे. तीत बदल करू नये.'

दुसऱ्या दिवशी मी आतल्या खोलीत गेले तेव्हा मशीनच्या पायाशी एक नवी गोधडी घडी करून ठेवली होती. कॉलेजच्या टेबल-खुर्च्यांवर टाकतात तसा, सुपडूभाऊंनी तिच्या कोपऱ्यावर लाल रंगाने डेडस्टॉक नंबर टाकला होता.